शेवटचे ऐंशी मीटर

नाव : बाजूच्या रकान्यात लिहिले आहे. ते हजेरीपटाशिवाय कुठे चालत नाही. सगळे सावकाशमामा म्हणतात.
वय : छप्पन्न वर्षे
धंदा : रुग्णवाहिका चालक, सव्वीस वर्षे
शिक्षण : दहावी नापास, विज्ञानात
राहणार : दवाखान्याच्या मागे, चालकांच्या खोल्या, खोली नंबर तीन

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून, कोणाच्या सांगण्यावरून किंवा भीतीने नव्हे तर स्वतःहून जबाब लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. सव्वीस वर्षांत माझ्या हातून अपघात झालेला नाही. मी गाडी सांभाळून चालवतो म्हणून सोबतच्या चालकांनी मला वरील नाव ठेवले. सुरुवातीला ते चिडवण्यासाठी होते. आता नवीन लागलेल्यांना ते माझे खरेच नाव वाटते.

माझ्याविरुद्ध आलेली तक्रार मला वाचून दाखवली. तक्रारदार हे माझ्या गाडीतून नेलेल्या रुग्णाचे चिरंजीव आहेत. तक्रार थोडक्यात अशी, की रस्ता मोकळा असताना मी गाडी ताशी वीस किलोमीटरने रेंगाळत नेली, वाटेत रुग्णाशी गप्पा मारत बसलो, त्यामुळे इस्पितळात पोचायला उशीर झाला आणि वडिलांचा उजवा हात कायमचा गेला. माझा परवाना काढून घ्यावा अशी मागणी आहे. यावर माझे म्हणणे असे, की तक्रार एका गोष्टीची आहे आणि चूक दुसरीकडे आहे. दोन्ही सांगतो. हवालदारांनी सांगितले, क्रमाने सांगा. क्रमाने सांगतो.

मागील मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला दवाखान्यातून निरोप आला. रुग्ण वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षक, शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. यापुढे त्यांना सर म्हणतो. सर घरी पंख्याची पाती पुसताना स्टुलावरून पडले होते. पंखा बंद होता. मानेचे हाड मोडले होते, पण हातपाय चालू होते. दवाखान्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "नस अजून शाबूत आहे, पण हाडाच्या कडेवर बसलीये. मोठ्या इस्पितळात न्यायचंय. दीड तास लागू दे, दोन लागू दे. झटका नको." मी विचारले, "किती चालवू?" डॉक्टर म्हणाले, "ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." हे त्यांनी कागदावरही लिहून दिले आहे. कागद सोबत जोडतो. त्यात शेवटचे वाक्य नाही.

सरांना फळीवर पट्ट्यांनी बांधले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मागे सिस्टर बसल्या. तक्रारदारांना आत बसा म्हटले, तर ते म्हणाले, मी मोटारसायकलवर पुढे रस्ता मोकळा करतो. गाडी दहा वाजून पाच मिनिटांनी निघाली आणि अकरा बत्तीसला इस्पितळाच्या दारात थांबली. म्हणजे सत्त्याऐंशी मिनिटे. मीटरवर अंतर पडले अठ्ठावन्न किलोमीटर. भागाकार केला तर सरासरी ताशी चाळीस येते, कुठे थोडी जास्त, वळणावर कमी, पण वीस नाही.

वीस कुठून आले तेही सांगतो. तक्रारदारांनी फोनवरच्या नकाशात दवाखान्यावर एक टिंब ठेवले, इस्पितळावर एक टिंब ठेवले आणि दोन टिंबांमधले सरळ अंतर घेतले. ते एकोणतीस किलोमीटर आहे. भागाकार त्यांनी बरोबर केला. परंतु दोन टिंबांच्या मध्ये तलाव आहे. रस्ता तलावाला वळसा घालून जातो आणि माझी गाडीही रस्त्यानेच जाते. सरांच्या भाषेत सांगायचे तर गाडी कापते ते अंतर, आणि निघालो तिथून पोचलो तिथपर्यंतची सरळ रेघ म्हणजे विस्थापन. अंतरावरून चाल काढायची, विस्थापनावरून वेग. तक्रारदारांनी वेग काढला आणि चाल म्हणून लिहिला. दिव्याखाली अंधार असे मी म्हणणार होतो, पण ते सरांचे चिरंजीव आहेत म्हणून म्हणत नाही.

येथे हवालदारांनी विचारले, चाल आणि वेग एकच लिहू का, आमच्या कागदात सगळीकडे वेगच असतो. मी नको म्हणालो. त्यांनी असेही सांगितले, की त्यांच्याकडे 'हयगयीने व भरधाव वेगात' असा तयार मजकूर आहे, 'हयगयीने व सावकाश' असा नाही. त्याला माझा इलाज नाही.

गप्पा मारल्या हे खरे आहे. चालकाची केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाळीची खिडकी आहे, तिच्यातून सगळे ऐकू येते. पहिली दहा मिनिटे सर गप्प होते. नंतर त्यांनी विचारले, "ड्रायव्हरसाहेब, गाडी का थांबवलीत?"

मी म्हणालो, "थांबवली नाही सर. चाळीसने चाललीय."

"खरं सांगता?"

"काटा चाळीसवर आहे."

सरांना मान हलवता येत नव्हती. त्यांना फक्त छत दिसत होते आणि छताच्या हुकाला लटकवलेली सलाईनची बाटली. त्यांनी सिस्टरांना खिडकीतून बघायला सांगितले. सिस्टर म्हणाल्या, "झाडं मागे चाललीत, सर." यावर सर हसले. सिस्टरांनी त्यांना हसू नका म्हटले.

सर म्हणाले, "छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, की सरळ रेषेत आणि सारख्या चालीने जाणाऱ्या गाडीत आतल्या माणसाला आपण चाललोय हे कळत नाही. पोरं माना डोलवायची. मलाही वाटायचं, मला समजलंय. बाटली बघा, कशी सरळ लटकलीये. उभ्या गाडीत लटकेल तशी."

पोटातलं पाणी हलत नाही असे लोक एखाद्या गाडीबद्दल म्हणतात. पण सव्वीस वर्षांत कुणी मला गाडी का थांबवली असे विचारले नव्हते. मी आरसा नीट केला.

याच सुमारास तक्रारदार मोटारसायकल माझ्या काचेजवळ आणून म्हणाले, "मामा, पळवा की जरा. रस्ता मोकळा आहे." मी हाताने हळू अशी खूण केली. असे ते पुढे दर तीन-चार किलोमीटरला करत होते. त्यांचा जीव वर-खाली होत होता हे मला दिसत होते. मागे बाप बांधून घातलेला असेल तर कुणाचाही होईल. पण उंटावरून शेळ्या हाकणे वेगळे आणि आपल्या पायाखाली ब्रेक असणे वेगळे.

तलावाचे वळण सुरू झाले तेव्हा मी वळणाच्या बरेच आधी तीसवर आलो आणि तीसच ठेवली. काटा केसभरही हलला नाही. तरी सर आतून म्हणाले, "आता डावीकडे वळलात."

मी विचारले, "कसं कळलं? काटा तर हलला नाही."

सर म्हणाले, "बाटली उजवीकडे कलली. आणि तुमचा काटा अर्धवट शिकलेला आहे. तो फक्त किती ते सांगतो, कुठे ते त्याला ठाऊक नाही. किती, म्हणजे चाल. किती आणि कुठे, दोन्ही मिळून वेग. तू वळलास तेव्हा चाल तीच राहिली, दिशा बदलली. म्हणजे वेग बदलला. वेग बदलला की त्वरण आलं. काट्याला ते कळलं नाही, माझ्या मानेला कळलं."

येथून सर मला अरे-तुरे करू लागले. मला बरे वाटले. शाळेनंतर मला कुणी शिकवायचे म्हणून अरे म्हटले नव्हते.

मी विचारले, "सर, त्वरण म्हणजे पाय दाबणं ना?" माझी तशीच समजूत होती. सर म्हणाले, "पाय दाबणं हे त्वरण, ब्रेक मारणं हेही त्वरण, आणि स्टिअरिंग फिरवणं हेही त्वरण. वेग वाढव, कमी कर किंवा वळव, एकूण तो बदलला ना? मग झालं. आणि किती बदलला याच्याइतकंच महत्त्वाचं, की किती वेळात बदलला. शंभरने चाललेली गाडी माणसाला काही करत नाही. बदल करतो. तोही घाईत झाला तर."

मी म्हणालो, "म्हणजे माणूस जोरात चालण्याने मरत नाही, एकदम थांबण्याने मरतो."

सर म्हणाले, "दहावीला तुला कुणी नापास केलं?" मी त्या मास्तरांचे नाव सांगितले. सर त्यांना ओळखत होते. 

मग सरांनी असे सांगितले, की निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य, आणि म्हणून पूर्ण फेरीचा सरासरी वेगही शून्य. मी म्हणालो, "सर, मी सव्वीस वर्षं रोज गाडी जिथून काढतो तिथेच आणून लावतो." सर म्हणाले, "मग तुझा सव्वीस वर्षांचा सरासरी वेग शून्य." मी म्हणालो, हे आमच्या साहेबांना सांगू नका. सिस्टर हसल्या. सरांनीही हसायचे टाळले असावे. याला तक्रारीत गप्पा मारत बसणे म्हटले आहे. असेल. परंतु गाडी चालू होती.

या सगळ्या वेळात सिस्टर दर दहा मिनिटांनी आपली दोन बोटे सरांच्या हातात देऊन दाबायला सांगत होत्या आणि तक्त्यावर लिहीत होत्या. शहरात शिरल्यावर एक सिग्नल लागला. लाल दिवा लांबूनच दिसला तसा मी पाय काढून घेतला आणि शंभर-सव्वाशे मीटर आधीपासून गाडी हळूहळू उतरवत आणली. सर मोठ्याने मोजत होते. चाळीसवरून शून्यावर यायला मला वीस सेकंद लागले. सर म्हणाले, "शाब्बास. बाटलीला पत्ता लागला नाही." तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. तक्त्यावर त्या वेळेची नोंद आहे, दोन्ही हातांची पकड चांगली. तक्रारदार याच सिग्नलवरून पुढे निघून गेले.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती तक्रारीत नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, कुणी शिकवत नाही, पण सगळे चालक ती पाळतात. तिला आम्ही सलामी म्हणतो. वाटेत गाडी कशीही आणा, पण इस्पितळाच्या गेटात शिरताना भोंगा पूर्ण सोडायचा, पाय शेवटपर्यंत दाबायचा आणि अपघात विभागाच्या दारात कचकन उभी करायची. कारण रस्ता कुणी बघत नसते. गेट सगळे बघत असतात. रुग्णाचे पुढे काही बरेवाईट झाले तर नातेवाइकांना तेवढेच आठवते, की गाडी कशी आली. सलामी न देता हळू शिरलेल्या चालकांनी मार खाल्लेला आहे. मी स्वतः बारा वर्षांपूर्वी खाल्ला आहे. तेव्हापासून मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्यानंतर मी एकदाही सलामी चुकवली नाही. सावकाशमामाची सलामी सगळ्यांत जोरात असते असे बाकीचे म्हणतात.

त्या दिवशी सलामी द्यायची नाही असे मी मनात ठरवले होते. हे मी आता सांगतो म्हणून कुणी खरे मानावे असे नाही.

अकरा बत्तीसला मी इस्पितळाच्या गेटाशी आलो. गेटापासून दारापर्यंत ऐंशी मीटर सिमेंटचा सरळ रस्ता आहे. मी गेटातून दहाने शिरलो. दारापाशी पाच-सहा माणसे उभी होती. कुणीतरी दोन्ही हात वर करून या, या, असे बोलावत होते आणि ओरडत होते. माझा हात भोंग्यावर गेला. पाय दाबला गेला. दाबला गेला असे लिहिले आहे, ते खोडून मी दाबला असे लिहावे. ऐंशी मीटरांत काटा पंचेचाळीसपर्यंत गेला आणि दारासमोर मी ब्रेक मारला.

सलाईनची बाटली हुकासकट पुढे येऊन माझ्या मागच्या जाळीवर आपटली. उजव्या कानाने मला नीट ऐकू येते. सर काही बोलले नाहीत. ते तोपर्यंत सगळा रस्ता बोलत होते.

दार उघडून सरांना उतरवले. तक्रारदार माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटी तरी पळवलीत, मामा." मी मान हलवली. आत अकरा चाळीसला डॉक्टरांनी तपासले तेव्हा उजव्या हाताची पकड नव्हती, डाव्याची कमी होती. तक्रारदारांचे म्हणणे असे, की अकरा पंचवीसला हात चालू होते, म्हणजे तोपर्यंत पोचलो असतो तर हात वाचले असते. तक्ता बघून कुणालाही तसेच वाटेल. तक्त्यात बाटलीची नोंद नसते.

त्या दिवशी घरी आल्यावर मी हिशेब केला. हिशेब म्हणजे गणित. शाळा सोडल्यापासून पहिले. सिग्नलला चाळीसचे शून्य व्हायला वीस सेकंद लागले, म्हणजे दर सेकंदाला ताशी दोन किलोमीटरने चाल कमी झाली. दारात पंचेचाळीसचे शून्य दोन सेकंदांत झाले, म्हणजे दर सेकंदाला साडेबावीसने. सव्वाअकरा पट. मी ते तीनदा करून पाहिले. पत्नीने विचारले, कुणी बोललं का तुम्हाला? मी म्हणालो, नाही, चांगलंच बोलले. तिने ताट वाढले आणि नंतर उचलून ठेवले. 

शनिवारी दुपारी मी इस्पितळात सरांना भेटायला गेलो. मला कुणी बोलावले नव्हते. सरांच्या मानेत सळ्या बसवल्या आहेत. उजवा हात चादरीवर ठेवलेला होता. ठेवलेला म्हणजे दुसऱ्या कुणी ठेवलेला. सर म्हणाले, "आलास? बस." मी बसलो. डाव्या हाताची दोन बोटे हलतात हे त्यांनी दाखवले. मग त्यांनी विचारले, "शेवटी काय झालं रे?"

मी म्हणालो, "खड्डा होता, सर. गेटातच."

सर छताकडे बघत राहिले. त्यांना दुसरीकडे बघता येत नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "खड्डा असता तर बाटली वर उडाली असती. ती पुढे गेली."

मी काही बोललो नाही. मला बोलता आले असते. माझे तोंड चालू होते, गळा चालू होता, हातपाय तर सगळेच चालू होते. मी बोललो नाही.

सर म्हणाले, "बरं. या तुम्ही आता. तुमची ड्यूटी असेल."

वरील वाक्यात 'या तुम्ही' असे आहे, ते तसेच ठेवावे ही विनंती. हवालदारांनी विचारले, यात काय आहे, सभ्यपणे बोलले ते. मी म्हणालो, हो.

मला येथे असे समजले, की सरांचा जबाब इस्पितळात जाऊन घेतला, त्यात त्यांनी चालकाबद्दल तक्रार नाही असे सांगितले आहे. गाडीचा वेग किती होता, असे विचारल्यावर, चालीबद्दल विचारत असाल तर चाळीस, असे सांगितले. शेवटी गाडीला झटका बसला का, असे विचारल्यावर, मला फक्त छत दिसत होतं, एवढेच सांगितले. सरांना काय दिसत होते ते मला माहीत आहे. ते खोटे बोललेले नाहीत. माझ्यासाठी त्यांनी उत्तर अर्धे लिहून सोडून दिले आहे. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्ध्या उत्तराला पूर्ण मार्क दिले असतील असे मला वाटत नाही.

इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांचा दाखला मला दाखवला. त्यात लिहिले आहे, की हात नेमका कशाने व केव्हा गेला ते सांगता येत नाही, मोडलेल्या हाडाभोवतीच्या सुजेनेही तसे होते. यावर हवालदारांनी लिहिणे थांबवून मला समजावले. त्यांचे म्हणणे असे, "मामा, डॉक्टर सांगू शकत नाहीत. सिस्टरनी तोल जाऊ नये म्हणून दांडा धरला होता, त्यांनी काट्याकडे बघितलेलं नाही. सर बोलत नाहीत. तक्रार हळू चालवल्याची आहे, ती चाळीसच्या भागाकाराने आजच निकालात निघेल. सुंठीवाचून खोकला जातोय. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेता?" ते माझ्या भल्यासाठीच बोलले. त्यांनी मला चहाही दिला.

माझे म्हणणे असे, की सुजेने झाले असेल तर असेल. मला डॉक्टरकी येत नाही. मला जे येते ते मी लिहून देत आहे. गेटातून दारापर्यंत माझी गाडी दहावरून पंचेचाळीसवर गेली आणि पंचेचाळीसवरून दोन सेकंदांत शून्यावर आली. रस्ता सिमेंटचा आहे, कोरडा होता, त्यात खड्डा नव्हता. आडवे कुणी आले नाही. ब्रेक चांगले होते, ते मीच दर सोमवारी बघतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असे म्हणतात. माझ्या बाबतीत ते शेपूट सरांच्या मानेवर पडले. याची शिक्षा काय होते ते मला माहीत नाही. परवाना जाईल हे माहीत आहे. दुसरे कुठले काम मला येत नाही, हेही खरे आहे, पण ते या जबाबात लिहायचे कारण नाही.

हवालदारांनी शेवटी विचारले, दारापाशी हात करून बोलावणारा माणूस तक्रारदारच होता का. तक्रारदार तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेले होते आणि दार उघडे होते. मी सांगितले, की माणसे पाच-सहा होती, त्यांपैकी कोण ते मला आठवत नाही. कुणीही असले तरी बोलावणाऱ्याचा त्यात दोष नाही. आपल्या माणसाची वाट बघणारा हात करणारच. ब्रेकवर पाय माझा होता. हवालदारांनी पुन्हा विचारले, नक्की आठवत नाही का? मी म्हणालो, नक्की आठवत नाही. बाकी सगळे आठवते.

सिस्टर, दवाखान्याचे डॉक्टर किंवा तक्रारदार यांच्याविरुद्ध मला काही सांगायचे नाही. सरांविरुद्ध तर नाहीच.

हा जबाब मला हळू आवाजात, ओळीने, वाचून दाखवला. चाल तिथे चाल आणि वेग तिथे वेग लिहिले आहे, ते मी तपासले. सांगितले तसेच आहे, बरोबर आहे. याची एक प्रत सरांनाही वाचून दाखवावी, एवढी विनंती आहे. त्यांना कागद धरता येत नाही.

सही